नदीची वेळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
पण या फाइलीची पहिलीच ओळ
मूळ विचारते:
कशावर उभी राहणार, ते आधी सांग.
मी लिहिते, अल्पाइन.
आणि खिडकीबाहेर, रुसेच्या बंदरात,
क्रेनच्या पायांखालून
खरंच आल्प्सचं पाणी चाललेलं असतं.
पलीकडे रुमानियाचे दिवे.

अवजार तसं लहान.
त्याला खिडकी नाही, बटण नाही.
काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाकायची:
मोजपट्टीचे आकडे इथून उचल, गाळ, तिकडे सोड.
डॅन्यूबकाठी पत्र्याच्या बारा खोल्या,
प्रत्येकीत तळहाताएवढं यंत्र,
आणि प्रत्येकाला माझ्या हातची शिदोरी:
अवजार, त्याला लागणारं सामान,
त्या सामानाला लागणारं सामान,
एकाच गाठोड्यात,
परक्या घरी मीठ मागायची वेळ येऊ नये म्हणून.

पहिली खेप स्विश्तोवला पोचली
आणि उंबऱ्यातच बसून राहिली.
माझा प्रोसेसर इंटेलचा, तिथला आर्म.
भाषा एक, तोंडं दोन.
मग दोन्ही तोंडांसाठी दोनदा रांधणं,
एक्केचाळीस मिनिटं,
आणि वरच्या थरात स्वल्पविराम चुकला तर चालतं,
तळाशी चुकला की सगळं पहिल्यापासून.

ओग्न्यान मागे येऊन उभा राहिला.
दोनशे नव्वद एमबी?
खोल्यांत सिमकार्डं आहेत, बाई, धरण नाही.
काप.

मी कापलं.
कंपायलर काढला, कोणी न वाचणारी पानं काढली,
पहाटे तीनच्या सुमाराला
जगभरच्या घड्याळांची एक यादी सापडली,
लिमा, काबूल, होनोलुलू,
आम्हाला कशाला हवं होनोलुलू?
तीही काढली.
एकोणतीस.
इथे हो म्हणताना मान आडवी हलते;
ओग्न्यानची बराच वेळ हलत होती.

एप्रिलात पाणी चढलं.
सकाळी फोन आला, बाय त्स्वेत्कोचा.
चौतीस वर्षं स्विश्तोवच्या पायऱ्यांवर
बॅटरी घेऊन हा माणूस
पट्टीवरचा आकडा वाचायचा, ठीक आठला,
आणि रुसेला ओरडून सांगायचा, कारण लाइन खराब.
लाइन सुधारली, ओरडणं राहिलं.
पोरी, धक्क्यावरच्या फलकावर
पाणी पाचला चढलंय.
माझ्या पायरीवर ते आठला आलं.
तुझी नदी वेगळी आहे का?

नव्हती.
यादीच नव्हती, त्यामुळे गाठोड्याला
सोफिया कुठे आहे ते ठाऊक नव्हतं,
आणि न विचारता, न कुरकुरता
त्यानं ग्रीनिचचं घड्याळ लावून घेतलं होतं.
लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही.
अकरा दिवस बारा खोल्यांतून
आमची नदी लंडनच्या वेळेनं वाहत होती.
एरर आली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

एक ओळ घातली. खाली घातली, तळाजवळ,
म्हणजे पुन्हा एक्केचाळीस मिनिटं.
बेकरी उघडली होती. बानित्सा घेतली,
तेलकट कागद हातात धरून
बंदराच्या कठड्याशी उभी राहिले.
एक बार्ज वर चाललं होतं, प्रवाहाविरुद्ध,
इतकं हळू की जागच्या जागी वाटावं.

दुसऱ्या दिवशी आठला मीच फोन केला.
काय दिसतं फलकावर?
आठ वाजून दोन मिनिटं, तो म्हणाला, चारशे बारा.
मग गप्प. मला वाटलं, लाइन गेली.
वेळ बरोबर आहे, तो ओरडला,
पण पट्टीवर चारशे दहाच.
तुझ्या सेन्सरच्या नळीत गाळ बसलाय.
ते काही तुझ्या गाठोड्यातून येणार नाही.
बूट घालून ये.
आणि येताना बादली आण, माझी फुटली आहे.